घरातून निघायला लागणारा वेळ

आमच्या घरातून कुणालाही पटकन निघता येत नसे. पाहुणा "बरं, येतो मी" म्हणून पिशवी उचलायचा आणि तिथून पुढे अर्धा तास त्याच्या निघण्याचा कार्यक्रम चालायचा. थोडा वेळ ओटीवर, थोडा पायरीवर, बराच विहिरीपाशी आणि सगळ्यात जास्त फाटकाशी. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या वाडीचं कुंपण हातभर सरकलं, या कामाच्या गोष्टी बसून बोलायच्या नसतात, फाटकाला हात लावूनच बोलायच्या असतात. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "गेले का गं?" मी सांगायची, "निघालेत." मग आई चहाचं आधण पुन्हा ठेवायची. पोस्टमनसुद्धा आमच्याकडून निघायला पंधरा मिनिटं घ्यायचा, आणि पुष्कळदा त्याच्याकडे आमचं पत्रही नसायचं.

गंमत अशी की हे सगळं ज्यांच्यामुळे व्हायचं ते माझे वडील, नाना, वेळेच्या बाबतीत भलतेच काटेकोर होते. ते हायस्कुलात पी.टी.चे सर होते. निवृत्त होताना त्यांनी शिट्टी, डंबेल्स, लेझमीची पेटी सगळं शाळेत जमा केलं. स्टॉपवॉच तेवढं जमा करायचं राहून गेलं. शाळेने मागितलं नाही, नानांनी आठवण केली नाही. किल्लीचं, जाडजूड काचेचं ते घड्याळ माजघराच्या दाराशी खुंटीला असायचं आणि नाना त्यावर जगातल्या यच्चयावत गोष्टी मोजायचे. दूध उतू जायला किती वेळ, मोदकांना वाफ यायला किती, पंपाने टाकी भरायला किती, मुंबईची एसटी आज किती उशिरा. आईच्या एका वाक्याची वेळ त्यांनी एकदा घेतली होती. परत कधी घेतली नाही. त्यांचा नियम एकच. मोजून झालं की काटा शून्यावर आणून घड्याळ खुंटीला. शाळेत काटा तसाच सोडणाऱ्या मुलाला मैदानाची एक फेरी जास्त पडायची, आणि घरात मला. मी अंगणाला फेऱ्या मारलेल्या आहेत. मात्र पाहुण्याला पोचवायला जाऊन फाटकाशी उभं राहण्याची वेळ नानांनी कधी मोजली नाही. ती त्यांच्या हिशेबात धरलेलीच नव्हती.

घर श्रीवर्धनात, पोफळीच्या वाडीत. दिवाळीनंतर सुपारी काढायला सुरुवात झाली की अंगणभर सुपारी वाळत पडायची, आणि तिच्यावरून न घसरता विहिरीपर्यंत जाणं ही आम्हाला जन्मजात अवगत असलेली कला होती. सुपारी काढणारा महादू सकाळपासून वर असायचा. तो एकदा एका पोफळीवर चढला की खाली न उतरता, झाडाला झोका देत, या शेंड्यावरून त्या शेंड्यावर असा सगळी वाडी हिंडायचा आणि वरूनच आमच्याशी गप्पा मारायचा. त्यामुळे लहानपणी मला कित्येक वर्षं महादूचा आवाज माहीत होता, चेहरा नव्हता. घरामागे दोन खोल्या बांधून आम्ही पाहुणे ठेवायला लागलो होतो. मुंबई-पुण्याची मंडळी समुद्र बघायला यायची, आईच्या हातची केळफुलाची भाजी, बिरड्याची उसळ, आमसुलाचं सार असं जेवायची, आणि समुद्र सोडून सगळीकडे पोचायची. वाट सरळ होती, पण सांगणारे नाना होते. त्यांनी फाटकाशी उभं राहून वाट सांगायला घेतली की ऐकणाऱ्याची भरती हुकायची.

म्हणून मी एक फळा केला. कलाशिक्षकाची पदविका घेऊन मी नुकतीच घरी आले होते आणि हाताला काम नव्हतं. फळ्यावर सहा चौकटी आखल्या आणि फाटकापासून समुद्रापर्यंतची वाट चित्रांत काढली. पहिल्या चौकटीत फाटक, दुसरीत उजवं वळण, तिसरीत मारुतीचं देऊळ, अशी. मला फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवसापासून आमचे पाहुणे एकामागून एक शेजारच्या दामलेकाकूंच्या गोठ्यात जायला लागले. काकू भल्या होत्या, त्यांनी पहिल्या दोघांना ताक दिलं. तिसऱ्या कुटुंबाच्या वेळी मात्र त्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि नानांना म्हणाल्या, "तुमची सुमी लोकांना काय शिकवत्येय हो?"

त्याच आठवड्यात सिनेमावाले आले. चौघंजण होते, जागा बघत किनाऱ्याने हिंडत होते. दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणायला लागलो. दादासुद्धा गोठ्यात जाऊन आले. परत आल्यावर मात्र इतरांसारखे वैतागले नाहीत. फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "हे कुणी काढलं?"

मी म्हटलं, "मी. चुकलंय."

"काय चुकलंय ते माहितीय का?"

माहीत नव्हतं. त्यांनी चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं. मारुतीचं देऊळ पलीकडून जास्त छान दिसतं, पिंपळासकट दिसतं, म्हणून चौथी चौकट काढताना मी मनानेच वाट ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले होते. तिसऱ्या चौकटीत डाव्या हाताला असलेलं देऊळ चौथीत उजव्या हाताला आलं होतं. पाहुणे बिचारे माझ्या चित्रावर विश्वास ठेवून देऊळ उजवीकडे घ्यायचे आणि थेट गोठ्यात. "तू कॅमेरा रेषेच्या पलीकडे नेलास," दादा म्हणाले. "बघणारा एका बाजूला उभा आहे. त्याला न विचारता दुसऱ्या बाजूला टाकायचं नाही. सिनेमात मोठीमोठी माणसं हीच चूक करतात. फक्त ती गोठ्यात पोचत नाहीत."

जेवताना ते हेच पुन्हा समजावत होते तेव्हा आई वाढायला आली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पानात चटणी उजवीकडे वाढल्यासारखं झालं की." दादा घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले. हा नियम माझ्या डोक्यात कायमचा बसला तो असा, आईच्या चटणीमुळे. आज पन्नाशी उलटून गेल्यावर मी मुंबईत मुलांना हेच शिकवते. ती सगळी चकचकीत पाटीवर विजेच्या लेखणीने चित्रं काढतात, जाड इंग्रजी पुस्तकातून रेषेचा नियम वाचून येतात आणि तरीही चुकतात. मी त्यांना विचारते, घरी पान कसं वाढतात? ती म्हणतात, मॅडम, आम्ही मागवतो.

दादा आठ दिवस राहिले आणि जे शिकवलं ते सगळं जेवताना शिकवलं. मीठ म्हणजे नायिका, लोणचं म्हणजे तिचा भाऊ, पाण्याचं भांडं म्हणजे कॅमेरा. भांडं जवळ नेलं की काय दिसतं, लांब नेलं की काय दिसेनासं होतं. सिनेमा काढायच्या आधी तो सगळा चौकटी-चौकटींत कागदावर काढायचा, याला स्टोरीबोर्ड म्हणतात हे मला तेव्हा कळलं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ॲनिमॅटिक. तीच चित्रं एकामागून एक कॅमेऱ्याने टिपायची, प्रत्येक चित्र हवं तितके सेकंद ठेवायचं, वर घरातल्याच कुणाचे तरी तात्पुरते आवाज घालायचे, म्हणजे सिनेमा निघायच्या आधीच तो केवढा होणार ते कळतं. "चित्र काढणारे शंभर मिळतात," दादा म्हणाले. "चित्र किती वेळ ठेवायचं हे कळणारा एखादाच." नाना शेजारच्या पाटावर होते. त्यांचा घास थांबला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या विषयावर बोलत होतं.

जाताना दादांनी मला एक कागद दिला आणि त्यांच्याकडचा जुना हातातला व्हिडिओ कॅमेरा तिकाटण्यासकट ठेवून गेले. कागदावर एकच प्रसंग होता, अर्ध्या पानाचा. मुलगी घर सोडून शहरात निघते, वडील निरोप देतात. "याचं ॲनिमॅटिक कर. तीस सेकंद. पंधरा दिवसांत टेप पाठव. जमलं तर मुंबईला ये, माझ्याकडे कामाला. न जमलं तर कॅमेरा तेवढा परत कर." इकडे नानांनी त्याआधीच म्हसळ्याच्या शाळेत शब्द टाकून ठेवला होता. तिथल्या चित्रकलेच्या बाई सोडून जाणार होत्या. पंधरा दिवसांनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या चहाला घरी. नानांनी एसटीला लागणारा वेळसुद्धा काढून ठेवला होता, बावन्न मिनिटं. म्हणजे त्या पंधरा दिवसांत ठरणार होतं की मी बावन्न मिनिटांवर राहणार की दिवसभराच्या अंतरावर. मला मुंबईला जायचं होतं. इतकं जायचं होतं की घरात बोलून दाखवायचीसुद्धा भीती वाटत होती.

नानांनी विरोध केला नाही, हे मला त्या वेळी फार विशेष वाटलं. उलट त्यांनी बाह्या सरसावल्या. सुपाऱ्यांची परडी घेऊन ओटीवर बसले आणि म्हणाले, "हं. कोण कुठे उभं आहे?" आमच्याकडे सुपारीला कुणाच्याही जागी बसायची सवय असते. ती गणपती होते, नवग्रह होते, आणि यजमानीण जागेवर नसेल तर यजमानाच्या कमरेला खोचली की बायकोही होते. आई एकदा मावशीच्या बाळंतपणाला गेली असताना नानांनी सुपारी खोचून सत्यनारायण उरकला होता. आईपेक्षा सुपारी शांत होती, असं ते नंतर बोलून गेले आणि दोन दिवस त्यांना आमटी बिनमिठाची मिळाली. तर आता एक टपोरी सुपारी म्हणजे वडील, एक लहान म्हणजे मुलगी, आडकित्ता म्हणजे कॅमेरा. मी आठ चित्रं काढली होती. मुलगी पिशवी उचलते, पाया पडते, वडील डोक्यावर हात ठेवतात, ती जाते. बरोबर तीस सेकंद.

नानांनी चित्रं बघितली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एवढ्यात कुणी निघतं का गं?"

"सिनेमा आहे, नाना."

"असेल. पण माणसं आपल्याकडचीच ना? देवाला नमस्कार नाही केला तिने. कोण म्हणेल चांगल्या घरातली म्हणून?" मुद्दा खरा होता. मी देवघराची दोन चित्रं वाढवली. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "हातावर दही?" तेही खरं होतं. दह्याची तीन. मग तुळशीपाशी थांबणं आलं. मग विहिरीपाशी वडिलांना काहीतरी सांगायचं आठवणं आलं. मग एके सकाळी नाना भलत्या उत्साहात म्हणाले, "छत्री विसरते ती! माणूस काहीतरी विसरतोच." छत्री विसरली म्हणजे मुलगी परत आली. परत आली म्हणजे तसंच उलटपावली जायचं नसतं. टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. नव्याने निघायचं म्हणजे पुन्हा देवाला नमस्कार. मी काढत गेले. मला ते पटत होतं, हीच तर पंचाईत होती. आमच्या घरातून निघायला तेवढा वेळ लागतोच, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

महादूनेही वरून भर घातली. मी उंचावरून दिसणारं अंगण काढलं होतं, ते पोफळीखाली उभं राहून त्याला दाखवलं. तो शेंड्यावरून वाकून म्हणाला, "वरना मानूस आसा दिसत न्हाय, ताई. वरना डोकं दिसतं नि पाय दिसतात. मधला मानूस दिसतच न्हाय. आन् ही झाडां कसली काढलीव? ह्यो माड हाय, पोफळ न्हाय." मी झाडं बदलली. आवाज घरातलेच घेतले. मुलगी मी, आई म्हणून आई, वडील म्हणून नाना. आईने तिचं एकच वाक्य, "जपून जा गं," असं म्हटलं की पहिल्या फटक्यात झालं. पोळी तव्यावर होती. नानांना मात्र परेडला हुकूम दिल्यासारखंच बोलता येत होतं. "पोचलीस की! फोन कर!" वाडीतले बगळे उडाले.

चित्रं त्रेसष्ट झाली. कॅमेरा तिकाटण्यावर, खाली चित्र, मी बटण दाबणार आणि नाना घड्याळ धरून "सुरू" आणि "थांब" म्हणणार. एक चित्र चुकलं की सगळं पहिल्यापासून. त्यात वीज जायची. तीन दिवस आम्ही हेच करत होतो, आणि खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांइतकी मजा मला नंतर मोठमोठ्या स्टुडिओंतही आली नाही. शेवटी सगळं जुळलं तेव्हा नानांनी काट्याकडे बघून जाहीर केलं, "चार मिनिटं बारा सेकंद." त्यांच्या चेहऱ्यावर शाळेने ढाल जिंकल्यासारखा आनंद होता. मला तीस सेकंदांचं सांगितलं होतं हे मी विसरले होते असं नाही. पण इतकं खरं झालंय म्हटल्यावर दादा काय, कुणीही मानेल, असं मला वाटलं. टेप मुंबईला जाणाऱ्याच्या हाती पाठवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, पानं वाढून झाली होती तेव्हा फोन आला. दादा शांतपणे म्हणाले, "सुमेधा, घरातून निघायला चार मिनिटं? माझी सगळी गोष्ट शहरात घडते गं. तुझी मुलगी मध्यंतरापर्यंत फाटकाशीसुद्धा पोचत नाही." मी काहीतरी बोलायला गेले. "चित्रं छान आहेत. पण मला निघणारी मुलगी हवी. शनिवारपर्यंत तीस सेकंदांचं आलं तर बघू, नाहीतर राहू दे. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं. "तुम्ही वाढवत नेलंत!" मी नानांवर ओरडले. मी त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. "दही काय, छत्री काय, पाणी काय! आठ चित्रांचं काम होतं. तुम्हाला ती मुलगी घराबाहेर पडायलाच नकोय!"

मी चित्रातल्या मुलीबद्दल बोलत होते. निदान वाक्य सुरू केलं तेव्हा तरी. नानांनी खुंटीवरचं घड्याळ काढलं, त्याला किल्ली दिली, काहीही न मोजता परत अडकवलं. आई म्हणाली, "आमटी गार होत्येय." आम्ही तिघं जेवलो. मला त्या क्षणी नानांचा राग होताच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. त्रेसष्ट चित्रं मी माझ्या हाताने काढली होती आणि त्यातल्या एकाही चित्रात मला ते दिसलं नव्हतं. आता वाटतं, नानांनाही दिसलं नसावं. त्यांना खरोखरच छत्रीची काळजी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर नाना ओटीवर बसलेले. त्यांनी सगळी चित्रं ओळीने मांडली होती, वारा येऊ नये म्हणून प्रत्येकावर एकेक सुपारी ठेवली होती. "बस," ते म्हणाले. "छत्री काढ." मी छत्रीची चित्रं उचलली. "पाणी आणि दुसरा नमस्कार आपोआपच गेले. विहीर काढ. तुळस काढ."

"दही काढू नका हं," आई आतून म्हणाली.

"दही काढ," नाना हळूच म्हणाले.

देवघर काढताना त्यांनी थोडा वेळ घेतला. उरली ती माझी पहिली आठच चित्रं. नाना त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी परडीतून तीच टपोरी सुपारी काढून वडिलांच्या जागी ठेवली, लहान सुपारी पायरीपाशी ठेवली आणि आडकित्ता दोघांच्या समोर. "आता बापाला काढ," ते म्हणाले.

"बापाला काढलं तर निरोप कोण देणार?"

"तो आहे की घरात. बघतोय." त्यांनी टपोरी सुपारी उचलून खिशात टाकली आणि तिच्या जागी आडकित्ता ठेवला. "तो बघतोय हे आपल्याला कशाला दाखवायला हवं? त्याला जे दिसतंय ते दाखव."

मी माजघराच्या दारात जाऊन उभी राहिले. तिथून ओटी, पायरी, वाळत घातलेली सुपारी, विहीर आणि पोफळींच्या मधून फाटक असं एका रेषेत दिसतं. तिथे राहून मला बावीस वर्षं झाली होती आणि ते मला तेव्हा दिसलं. एकच चौकट, न हलणारी. तिच्यातून मुलगी चालत जाते, लहान लहान होत जाते, फाटक उघडते, संपलं. नाना म्हणाले, "प्रत्यक्ष चालून वेळ घेऊ." ते दारात खुर्ची टाकून घड्याळ घेऊन बसले. मी पिशवी घेऊन पायरीवरून निघाले, फाटकाशी पोचले आणि वळून ओरडले, "किती?" "तीस!" पुन्हा केलं, पुन्हा फाटकाशी वळून विचारलं, पुन्हा तीस. चार वेळा केलं. वर महादू काम सोडून बघत होता. "ताई चाल्ली की न्हाय नक्की?" त्याने विचारलं.

चित्रं काढायला बसले तेव्हा नानांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेवटी ती वळून बघते ना?"

"नाही," मी म्हटलं. दादांनी शिकवलेलं मला तोंडपाठ होतं. "वळली तर सरळ कॅमेऱ्यात बघेल. कॅमेऱ्यात बघायचं नसतं, नाना. प्रेक्षकाला कळतं की सगळं खोटं आहे."

"असं होय," नाना म्हणाले. "बरं."

पाच चित्रं, प्रत्येकी सहा सेकंद, आवाज फक्त पायाखाली सरकणाऱ्या सुपारीचा आणि शेवटी फाटकाचा. टेप पोचली त्याच संध्याकाळी दादांचा फोन आला. "हे कसं सुचलं तुला?" मी म्हटलं, "सुचलं." नानांचं नाव मी घेतलं नाही. तेव्हा घ्यायला हवं होतं ते आता घेते आहे. सोमवारी म्हसळ्याच्या शाळेला नानांनी स्वतः जाऊन सांगितलं की मुलगी येत नाही. म्हणे बावन्न नाही, सत्तावन्न मिनिटं लागली.

त्या सिनेमाचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे त्याचं ओझं उरत नाही. शूटिंग दुसऱ्याच किनाऱ्यावर झालं, तिथे पोफळी नव्हत्या, माड होते. प्रसंग माझ्या पाच चित्रांप्रमाणेच लावला होता. पण नायिकेचं म्हणणं पडलं की तीस सेकंद तिची पाठ कोण बघणार? दादांनी तासभर समजावलं आणि मग नाद सोडला. ती फाटकाशी वळली, चांगली भरपूर वळली, थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि हसलीसुद्धा. कॅमेऱ्यात बघू नये हा नियम त्या अख्ख्या धंद्यात एकट्या मीच पाळला की काय, असं मला कधीकधी वाटतं.

कारण मी तो खरोखरच पाळला. मी निघाले त्या दिवशी आईने हातावर दही घातलं, देवाला नमस्कार झाला, छत्री आठवणीने घेतली. मी नानांच्या पाया पडले. ते म्हणाले, "पोचलीस की फोन कर," आणि ते हुकमासारखं अजिबात वाटलं नाही. मी वाट बघत होते की आता ते चपला घालतील, ओटीवरून उतरतील, विहिरीपाशी काहीतरी आठवेल त्यांना. आले नाहीत. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी पायरी उतरले. वरून महादू म्हणाला, "निगाली काय ताई? आज नाना न्हाय आलं सोडाया?" पोस्टमनला फाटकापर्यंत पोचवणारा माणूस मला पोचवायला आला नव्हता. पण मला माहीत होतं ते कुठे बसलेत. मला माहीत होतं, तिथून काय दिसतंय. कितव्या सेकंदाला मी विहिरीपाशी आहे आणि कितव्याला फाटकाशी. मागे वळावंसं इतकं वाटलं की मान दुखायला लागली. आणि मी, शहाणी, शिकलेली, फाटक उघडून सरळ चालू लागले. मला तेव्हा वाटलं, हेच बरोबर. नानांनाही हेच आवडेल. त्यांनीच तर बसवलंय.

शिमग्याला घरी आले. पुरणपोळ्यांचा वास, अंगणात सुपारीचे शेवटचे ढीग, नाना बाजारात गेलेले. माजघराच्या दाराशी घड्याळ खुंटीला होतं. मी सवयीने बघितलं आणि थांबले. काटा शून्यावर नव्हता. मी हात पुढे केला तशी आई म्हणाली, "नको लावूस हात. मी एकदा पुसायला घेतलं तर केवढे ओरडले माझ्यावर."

"कसलं मोजलंय?"

"तू गेलीस त्या दिवसाचं. अठ्ठावीस सेकंद." आई पुरण वाटत होती, तिने वर बघितलं नाही. "दारात बसून होते. म्हणाले, 'दोन सेकंद कमी भरले. वळली नाही.' आणि तसंच टांगून ठेवलं."

शिमगा उरकून मी परत निघाले तेव्हाही नाना दारातच बसले. मी अंगण ओलांडलं, विहीर मागे टाकली, फाटकाला हात लावला आणि वळले. वळून खुशाल कॅमेऱ्यात बघितलं. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही.